दांडीवर आपली खूण

बास गिटारच्या फिंगरबोर्डवर खुणा दोन ठिकाणी असतात. समोरच्या अंगाला मोठे ठिपके, चौकोन किंवा नक्षी असते. फिंगरबोर्डच्या वरच्या कडेला, वादकाच्या डोळ्यांकडे असलेल्या बाजूला, दोन-अडीच मिलिमीटरचे बारीक ठिपके असतात. बास गळ्यात अडकवून उभा असलेला वादक खाली पाहतो तेव्हा त्याच्या कामाला येतात ते हे कडेचे ठिपके. समोरची नक्षी त्याला फार तिरक्या कोनातून, चपटी झालेली आणि तारांनी कापलेली दिसते. ती पूर्ण, सरळ दिसते ती ऐकणाऱ्यांना, शेजारच्या गिटारवाल्याला आणि फोटो काढणाऱ्याला.

स्वतःच्या बासवर स्वतःची नक्षी जडवून घ्यायची, हा विषय मी याच मुद्द्यापासून सुरू करतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. नक्षी कुणी पाहायची? वादकाने, श्रोत्यांनी, की बास घरी स्टँडवर उभा असताना घरच्यांनी? हा प्रश्न न विचारता काढलेली चित्रे कागदावर सुंदर दिसतात आणि वाद्यावर गेल्यावर हरवतात. पुढच्या प्रकरणांत हत्यारे, साहित्य आणि कृती क्रमाने येतील. हत्यार हातात घेण्याआधी काय माहीत असावे आणि काय ठरलेले असावे, तेवढेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

बास गिटारचा इतिहास लहान आहे, पण त्याच्या खुणांनाही इतिहास आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी 1930 च्या दशकात आडवा धरून वाजवायचा विजेचा बास बनवला होता. तरी हे वाद्य जगभर पोहोचले ते लिओ फेंडर यांच्या 1951 च्या प्रिसिजन बासमुळे. तोवर बास म्हणजे उभा, माणसाएवढा डबल बास. त्याच्या फिंगरबोर्डवर फ्रेट नाहीत आणि खुणाही नाहीत. सूर कुठे आहे ते हाताने आणि कानाने शोधायचे. फेंडर यांनी फ्रेट ठोकले, सूर नेमका मिळू लागला, आणि त्या नेमकेपणावरूनच वाद्याला नाव मिळाले. फिकट मेपलच्या दांडीवर त्यांनी काळे ठिपके बसवले: 3, 5, 7, 9 या घरांत, म्हणजे दोन फ्रेटमधल्या जागांत, एकेक, बाराव्यात दोन, आणि पुढे पुन्हा तसेच. हौस त्यात कुठेच नव्हती. कारखान्यात वेगाने बसवता येईल आणि वादकाला घर ओळखता येईल, एवढाच त्या ठिपक्यांचा उद्देश होता. 1959 मध्ये शिसवी फिंगरबोर्ड आले, तेव्हा गडद लाकडावर दिसावेत म्हणून ठिपके पांढुरके झाले.

हौस आली ती नंतर. 1960 मध्ये बाजारात आलेल्या जॅझ बासला 1966 च्या सुमारास मोत्याच्या चमकीच्या प्लॅस्टिकचे आयताकृती ठोकळे आणि दांडीच्या कडेने पांढरी किनार मिळाली. तोपर्यंत फेंडर यांनी कंपनी सीबीएसला विकली होती. ठोकळ्यांमुळे वाद्य महाग दिसू लागले, आणि ते तसे दिसावे म्हणूनच ठोकळे आले होते. रिकनबॅकरच्या 4001 या बासवर त्रिकोण आले आणि ते त्या कंपनीची ओळखच बनले. लांबून नाव वाचता आले नाही तरी त्रिकोण पाहून बास कुणाचा ते कळते. हे त्रिकोण आणि ते ठोकळे मला आवडतात. पण ती कारखान्याची सही आहे. वाजवणाऱ्याची सही त्यावर अजून उमटायची असते.

तंतुवाद्यावर शिंपला जडवण्याची कला बासपेक्षा कितीतरी जुनी. अमेरिकेपुरते बोलायचे तर 19व्या शतकाच्या अखेरीस बोस्टनच्या बँजो कारागिरांनी ती शिगेला नेली. बँजोच्या डोक्यावर पंखांचे सिंह, दांडीभर वेली, आणि शिंपल्यात सुईसारख्या हत्याराने कोरून शाई भरलेल्या रेषा. आज गिटारवर वेलबुट्टी दिसते तिची आजी या बँजोंवर आहे. पुढे लॅरी रॉबिन्सन यांच्यासारख्या कारागिरांनी हीच कला इतकी पुढे नेली, की मार्टिन कंपनीने 2004 मध्ये आपली दहा लाखावी गिटार लोकांपुढे आणली तेव्हा तिचे जडावकाम त्यांच्याकडे सोपवले होते. टोरांटोचे विल्यम ‘ग्रिट’ लॅस्किन गिटारच्या डोक्यापासून दांडीपर्यंत शिंपला, हाड, धातू आणि दगड यांतून माणसे, प्रसंग, अख्ख्या गोष्टी रंगवतात. गिऱ्हाईक आपल्या आयुष्यातले काहीतरी घेऊन त्यांच्याकडे येते आणि ते त्याचे चित्र करतात.

वैयक्तिक नक्षी कशी असावी याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण मात्र साधे आहे. पॉल रीड स्मिथ यांच्या गिटारवर घराघरात उडते पक्षी असतात. त्यांच्या आईला पक्षीनिरीक्षणाचा नाद होता, आणि ते आकार तिच्या पक्ष्यांच्या पुस्तकावरून घेतलेले आहेत. पाहणाऱ्याला हे ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही, पक्षी चांगलेच दिसतात. ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी त्यात एक घर आहे. शिवाय ते पक्षी कामही करतात: ठिपके जिथे असायचे तिथेच ते आहेत, आणि प्रत्येक पक्ष्याची ढब वेगळी असल्याने घर ओळखायला मदतच होते.

बासच्या जगात असे काम आधी वेगळे उठून दिसले ते कॅलिफोर्नियातील अलेम्बिकच्या वाद्यांवर. ‘द हू’ या बँडच्या जॉन एन्टविसल यांनी 1966 मध्ये कोळ्यावर एक गाणे लिहिले होते, आणि अलेम्बिकने त्यांच्या बासच्या फिंगरबोर्डवर चांदीचे कोळ्याचे जाळे विणले. ब्रुकलिनच्या फोडेराने हेडस्टॉकवर शिंपल्याचे फुलपाखरू बसवले. व्हिक्टर वूटन यांच्या फोडेरावर तर सगळी बॉडीच काळ्या-पांढऱ्या लाकडांच्या यिन-यांगने भरली आहे. ही जागा त्यांनी अचूक निवडली. बॉडी मोठी असते, सपाट असते, आणि तारांचे जाळे तिच्या फार थोड्या भागावर असते. दांडीवर जे कोंबावे लागते ते बॉडीवर मोकळेपणाने पसरते.

आपल्याकडचा वाचक म्हणेल, हे सगळे दूरचे. तसे ते नाही. लाकडात दुसरे लाकूड, हाड, शिंपला, धातू बसवण्याचे काम आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतके चालले. 17व्या शतकात गोव्यात पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी सागाची कपाटे बनत. त्यांत एबनी आणि हस्तिदंताची भौमितिक नक्षी जडवलेली असे. अशी कपाटे आज युरोपच्या संग्रहालयांत आहेत. सुरतेचे सादेलीकाम 19व्या शतकाच्या आरंभी मुंबईत आले. हस्तिदंत, हाड, कथील आणि रंगीत लाकडाच्या बारीक त्रिकोणी काड्या एकत्र चिकटवून जुडी करायची, आणि मग ती जुडी आडवी कापून नक्षीच्या चकत्या काढायच्या. एका जुडीतून सारख्या नक्षीच्या अनेक चकत्या निघत. या चकत्यांनी मढवलेल्या पेट्या जगभर ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून विकल्या गेल्या. ही युक्ती आजच्या बासलाही लागू आहे: दांडीवर दहा-बारा घरांत तेच छोटे फूल हवे असेल तर प्रत्येक फूल वेगळे कापण्यापेक्षा जुडी बांधावी.

आणि मिरज तर तंतुवाद्यांचे गाव. शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून, म्हणजे 19व्या शतकाच्या मध्यापासून, तिथे सतार-तंबोरे बनतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या तंबोऱ्याकडे जवळून पाहा. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तिथली पाने, कडेने फिरणारी पांढरी पट्टी, त्या पट्टीत कोरून रंग भरलेल्या रेषा: बोस्टनच्या बँजोवाल्यांनी शिंपल्यात जे केले तेच हे, साहित्य तेवढे वेगळे. सेल्युलॉइडची पट्टी गरम करून वळवणारा, ती लाकडात बसवणारा आणि तासून एकसपाट करणारा हात आपल्याकडे आहे. बासवर नक्षी जडवायची म्हणून लगेच परदेशी कारागिराचा पत्ता शोधायला लागू नये, असे मला मनापासून वाटते. फ्रेटची आणि तारेच्या उंचीची गणिते समजलेला गिटार दुरुस्त करणारा आणि वाद्याला पट्टी चढवणारा कारागीर, हे दोघे एका बाकावर बसले तर उत्तम काम होईल.

आता चित्राकडे.

बासची दांडी म्हणजे रिकामा कागद असे समजून चित्र काढले की पहिली अडचण येते ती घरांची. बहुतेक बासची तार 34 इंचांची, म्हणजे 863.6 मिलिमीटर. घरे वर जाताना लहान होत जातात. तिसरे घर सुमारे 43 मिलिमीटरचे, बारावे जेमतेम 26 चे, चोविसावे असेलच तर 13 चे. फ्रेटची रुंदी आणि दोन्ही बाजूंना थोडा श्वास सोडला, तर बाराव्या घरात नक्षीला 19-20 मिलिमीटर उरतात. फ्रेटच्या खाचेवरून नक्षी नेऊ नये. फ्रेटचा दात ठोकताना शिंपला तडकतो, आणि नक्षी जडवून मग खाच पुन्हा कापणे हे सरावलेल्या हाताचेच काम आहे. वेल हवी असेल तर ती फ्रेटच्या एका बाजूला थांबवावी आणि पलीकडून पुन्हा उचलावी. डोळा मधला तुटलेला भाग आपोआप जोडतो.

दुसरी अडचण तारांची. बासच्या तारा गिटारसारख्या नाजूक नसतात. सर्वांत जाड तार साधारण पावणेतीन मिलिमीटरची. बाराव्या घरापाशी दोन तारांमधली जागा चौदा-साडेचौदा मिलिमीटर असते. चेहरा काढला आणि त्याच्या डोळ्यावरून तार गेली तर तो चेहरा बिघडला. म्हणून एक तर आकृती तारांच्या मधल्या पट्टीत मावेल इतकी लहान घ्यावी, नाहीतर तारा वरून गेल्या तरी ओळखू येईल इतकी ठळक आणि साधी. पक्षी, पान, मासा, कमान हे आकार तारांखाली टिकतात. माणसांचे चेहरे क्वचितच टिकतात.

तिसरी गोष्ट अक्षरांची. नाव जडवावे असे अनेकांना वाटते, आणि ते देवनागरीत असावे असे वाटणे अगदी योग्य आहे. पण मग दिशा ठरवावी लागते. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा बास प्रेक्षकांना दिसतो तेव्हा बॉडी त्यांच्या डावीकडे आणि हेडस्टॉक उजवीकडे असतो. जाड तार वर असते. म्हणजे तारांच्या दिशेने नाव लिहायचे तर पहिले अक्षर बॉडीच्या बाजूच्या घरात आणि शेवटचे हेडस्टॉककडे, शिरोरेषा जाड तारेच्या बाजूला. हेच नाव वादकाला वरून पाहताना उलटे, डोके खाली आणि शेवट आधी असे दिसेल. वादकाला सुलटे हवे असेल तर प्रेक्षकांना उलटे. दोघांनाही एकदम खूश करणारी दिशा नाही. नाव दांडीवर आडवे, तारांना काटकोनात लिहिले तर बास स्टँडवर उभा असताना ते सरळ वाचता येते. मला ही तिसरी दिशा सर्वांत चांगली वाटते, कारण बासचा बराच वेळ स्टँडवरच जातो आणि तेव्हा नक्षी निवांत पाहता येते. पण हे ज्याने त्याने ठरवावे.

समजा, बाराव्या घरात असे आडवे नाव घ्यायचे ठरले. तिथे जॅझ बासची दांडी साधारण 54 मिलिमीटर रुंद असते. दोन्ही कडांना पाच-पाच सोडले तर 44 मिलिमीटर लांब आणि मात्रेसकट 19 उंच अशी जागा मिळते. तीन अक्षरी नाव त्यात नीट बसते. शिंपला दीड मिलिमीटर जाडीचा. रेषा तेवढ्याच किंवा त्याहून बारीक ठेवल्या तर कापताना मोडतात, म्हणून अक्षराच्या रेषा किमान दोन मिलिमीटर जाड धराव्यात. ‘व’ मधला पोकळ भाग कापायला आधी आत बारीक भोक पाडून त्यातून करवतीचे पाते ओवून घ्यावे लागते. ती पोकळी फार लहान ठेवली तर फिंगरबोर्डमध्ये तिथे शिल्लक राहणारे लाकडाचे बेट खोदताना उडून जाते. अनुस्वारासाठी कडेच्या ठिपक्यांची दोन मिलिमीटरची कांडीच वापरावी. तिला साधे ड्रिलचे भोक पुरते, आणि अनुस्वार अगदी गोल येतो.

खरी गंमत शिरोरेषेत आहे. फिंगरबोर्ड आडव्या अंगाने सपाट नसतो, तो किंचित उंचवट्याचा असतो. अनेक आधुनिक बासवर हा उंचवटा साडेनऊ इंची, म्हणजे 241 मिलिमीटर त्रिज्येचा असतो. 44 मिलिमीटर लांबीचा सपाट तुकडा त्यात बसवून वरून घासला, तर दोन्ही टोकांना जवळजवळ एक मिलिमीटर शिंपला घासून जातो. दीडपैकी अर्धा उरतो, आणि तो पुढच्या एखाद्या दुरुस्तीत संपून खालचा गोंद दिसू लागतो. म्हणून अख्खे नाव एका शिरोरेषेत अडकवून एकसंध कापू नये. अक्षर वेगळे, त्याच्यापुरती शिरोरेषा त्याच्यासोबत. प्रत्येक अक्षराची खाच त्या जागेच्या उताराला धरून थोडी कलती खोदावी. सांधे नीट जुळले तर शिरोरेषा सलग दिसते.

शिंपला कापण्याचे मुख्य हत्यार सोनाराची करवत. पाते अगदी बारीक, दात खाली. काप खाली येताना होतो. पुढे व्ही आकाराची खाच असलेली फळी बाकाला अडकवून त्या खाचेवर शिंपला बोटांनी दाबून धरायचा आणि करवत सरळ खाली-वर चालवायची. वळण घेताना करवत न वळवता शिंपला वळवावा. पाती मोडतात, सुरुवातीला भराभर मोडतात. पात्याला मेण लावले की कमी मोडतात. आकार कापून झाला की कानशीने कडा साफ करायच्या, तुकडा फिंगरबोर्डवर एक थेंब गोंदाने तात्पुरता चिकटवायचा आणि धारदार टोकाने त्याच्याभोवती रेष ओढायची. गडद लाकडावर रेषेत खडूची पूड चोळली की ती स्पष्ट दिसते. मग तुकडा सोडवून छोट्या राउटरने, कडेला पाऊण-एक मिलिमीटरच्या बिटने आणि मधे जाड बिटने, खाच खोदायची. खोली शिंपल्यापेक्षा किंचित कमी, म्हणजे तुकडा बोटाला केसभर वर लागेल इतकी.

बसवताना अराल्डाइटसारख्या दोन नळ्यांच्या गोंदात त्याच लाकडाचा बारीक भुसा कालवतात. एबनीत किंवा गडद शिसवीत कडेची फट त्याने पार लपते. मेपलवर मात्र फट लपत नाही. फिकट लाकडात गोंद गडद होतो आणि प्रत्येक चूक बाहेरून दिसते; त्यातही मेपलच्या फिंगरबोर्डवर लॅकर असते, ते काढून पुन्हा चढवावे लागते. पहिले काम मेपलवर करू नये, एवढे मी ठामपणे सांगेन. गोंद पूर्ण सुकल्यावर फिंगरबोर्डच्या उंचवट्याशी जुळणाऱ्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून घासायचे. फ्रेट आधीच बसलेले असतील तर त्यांना टेप लावून एकेका घरात लहान ठोकळ्याने हळूहळू घासावे लागते. तो वेळखाऊ मार्ग आहे, पण चांगले फ्रेट उपटण्यापेक्षा बरा.

शिंपल्याची चमक रंगाची नसते. अरागोनाइट या चुनखडीच्याच रूपाच्या, सुमारे अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या असंख्य पापुद्र्यांतून प्रकाश परत येताना ती तयार होते. म्हणून तोच तुकडा एका बाजूने फिकट आणि फिरवला की हिरवा-गुलाबी दिसतो. हे बासवर फार कामाचे आहे. तुकडा कापण्याआधी शिंपला स्टेजवरच्या उजेडाच्या दिशेने, म्हणजे वरून आणि समोरून, फिरवून पाहावा आणि ज्या दिशेने तो पेटतो त्या दिशेनेच आकार आखावा. न्यूझीलंडचा पावा शिंपला निळा-हिरवा असतो, पांढरी मोतीशिंप शांत असते. तारांखाली मला पांढरीच आवडते. रंगीत शिंपल्याची चमक आणि तारांची चमक एकमेकींत मिसळतात आणि आकार वाचता येत नाही.

साहित्य वैयक्तिक करायचे तर शिंपल्यापलीकडेही वाटा आहेत. जुन्या सदऱ्यांची शिंपल्याची बटणे अनेक घरांत डब्यात पडलेली असतात. तळ घासून सपाट केला की त्यांतून छान ठिपके निघतात. आजोबांच्या सदऱ्याचे बटण बाराव्या घरात बसले, तर त्याहून अधिक आपली नक्षी कोणती असणार? घरातल्या जुन्या पितळी ताटलीच्या पत्र्यातूनही आकार कापता येतात. पितळ घासताना तापते आणि गोंद सुटू शकतो, म्हणून थांबत थांबत घासावे. त्याची काळी पूड फिकट लाकडात शिरते, म्हणून ते गडद लाकडातच बसवावे.

काही साहित्याला हातच लावू नये. हस्तिदंत, कासवाचे कवच, सांबरशिंग यांच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. काही समुद्री शंख-शिंपले 2001 पासून भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा शिंपला घेताना जात आणि पावती विचारून घ्यावी. ब्राझिलियन शिसव 1992 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी बंद आहे. 2017 मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींवर निर्बंध आले, आणि 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यांतून बरीच सूट मिळाली. ब्राझिलियन शिसव मात्र त्या सवलतीत नाही. बास घेऊन परदेशी कार्यक्रमाला जाणाऱ्याने आपल्या फिंगरबोर्डचे लाकूड कोणते हे माहीत करून घ्यावे.

शिंपल्याच्या धुळीकडे सहसा दुर्लक्ष होते, म्हणून तिच्याबद्दल जरा अधिक लिहितो. ती दिसायला पिठासारखी, पण फुप्फुसाला टोचणारी असते. 19व्या शतकात व्हिएन्नामध्ये शिंपल्याची बटणे करणाऱ्या कोवळ्या वयाच्या कामगारांच्या हाडांना सूज येण्याचा आजार डॉक्टरांनी नोंदवून ठेवला आहे. करवतीने कापताना तोंडासमोर धूळ उडते, राउटरने आणखी बारीक उडते. चांगला मास्क, धूळ ओढून घेणारे यंत्र, आणि घासताना पाणी: यांपैकी एकाही गोष्टीवर पैसे वाचवू नयेत. घरात लहान मूल असेल तर हे काम त्या खोलीत करूच नये.

आवाज बदलतो का, असे प्रत्येक वादक विचारतो. दीड-दोन मिलिमीटर खोलीच्या नक्षीने कानाला कळेल असा फरक पडत नाही, असे माझे मत आहे. फ्रेटलेस बासची गोष्ट वेगळी. तिथे तार थेट लाकडावर दाबली जाते आणि गुंडाळीच्या तारा लाकडात चर पाडतात. शिंपला लाकडाइतका झिजत नाही, त्यामुळे काही काळाने तो वर उठलेला लागतो आणि तार त्यावर खुळखुळते. जाको पास्टोरियस यांनी आपल्या 1962 च्या जॅझ बासचे फ्रेट काढून, खाचा भरून वर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवले, ते याच झिजेसाठी. फ्रेटलेसवर नक्षी हवी असेल तर ती हेडस्टॉकवर किंवा बॉडीवर न्यावी. फिंगरबोर्डवर फ्रेटच्या जागी फिकट लाकडाच्या बारीक रेषा पुरेशा आहेत, आणि त्या सुंदरही दिसतात.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात पुण्या-सोलापूरला आखडते; शिंपला आणि पितळ तसे हलत नाहीत. ही हालचाल रुंदीच्या दिशेने जास्त असते, लांबीच्या दिशेने नगण्य. म्हणून दांडीभर रुंद एकसंध पट्ट्यापेक्षा दोन-तीन तुकडे शहाणपणाचे. अक्षरे वेगळी ठेवण्याला हे दुसरे कारण.

आणि वाद्य कोणते घ्यावे? 1960 च्या दशकातला बास हाती असेल तर त्याच्या दांडीला करवत लावू नये. त्या काळातल्या काही दांड्यांवर शिसवीचा थर इतका पातळ आहे की खाच त्याच्या आरपार जाते, आणि असे बास आता फार उरलेले नाहीत. फेंडर पद्धतीच्या बासची दांडी मात्र बॉडीला फक्त चार स्क्रूंनी जोडलेली असते, आणि हा मोठा फायदा आहे. वेगळी, साधी, शिसवी फिंगरबोर्डची दांडी विकत आणून तिच्यावर नक्षी करावी. जुनी दांडी तशीच कापडात गुंडाळून ठेवता येते. काम फसले तर स्क्रू काढून परत.

त्याहीआधी दोन स्वस्त पायऱ्या आहेत. पहिली, चित्र खऱ्या मापात कागदावर छापून ते पातळ चिकट कागदावर घ्यायचे आणि घराघरात लावायचे. बाजारात मिळणाऱ्या तयार चिकटनक्षीला काही जण नाक मुरडतात. चाचणीसाठी ती उत्तम आहे. काही आठवडे रियाज त्यावरच करावा. स्टेजवरून मित्राला फोटो काढायला सांगावे, स्टँडवर ठेवून रोज पाहावे, तार कशावरून जाते ते बघावे. दुसरी, ज्या बासवर हेडस्टॉकपाशी ट्रस रॉडचे, म्हणजे दांडीचा बाक सावरणाऱ्या आतल्या सळईचे, झाकण असते, त्या झाकणावर पहिला तुकडा जडवावा. ती दोन-तीन स्क्रूंची छोटी पट्टी, लाकडाचा चपटा तुकडा घेऊन नव्याने करता येते. तिला उंचवटा नाही, फ्रेट नाहीत, तारांचा अडथळा नाही. एक अक्षर, एक अनुस्वार आणि गोंदाची एक जोडी एवढ्यावर ते काम होते. पुढचे पहिले प्रकरण या झाकणाचेच आहे, आणि त्यासोबत दिलेला ‘व’ खऱ्या मापात छापला आहे, कापून थेट वापरता येईल असा.